ड्रायव्हर अडले कुठे?

25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची घोषणा केली, तेव्हाच तिच्यावर एटी हार्ड डिस्कशिवाय दुसरी डिस्क बहुधा कधीच चालणार नाही असे सांगून टाकले. त्याच्याकडे तेवढीच होती. पुढे ही सिस्टीम, म्हणजे लिनक्स, सर्व्हर आणि फोनपर्यंत पोचली, तरी वायफाय आणि ग्राफिक्स कार्डे वर्षानुवर्षे नडत राहिली. याचे खापर हौशी प्रोग्रामरांवर फुटते. मला ते अन्यायाचे वाटते. चिपच्या कोणत्या रजिस्टरमध्ये काय लिहिले की काय घडते, ही माहिती मिळाली तिथे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे प्रोग्राम, तयार झाले. नव्वदच्या दशकात नासाच्या गोडार्ड केंद्रातल्या डोनाल्ड बेकर यांनी इथरनेट कार्डांचे कितीतरी ड्रायव्हर लिहिले. साधे पीसी जोडून 1994 साली उभारलेल्या बेवुल्फ क्लस्टरमागे तेच काम होते. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपची माहिती मात्र बंद होती. तेव्हा एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडून चिपचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्याने फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर रचला; नक्कल केल्याचा आरोप येऊ नये म्हणून ही काटेकोर विभागणी. 2006 साली तो लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला 2010 साली. एवढी चिकाटी असलेल्यांना कौशल्य कमी पडले, असे कोण म्हणेल?

यावर कंपन्यांच्या बाजूने एक वजनदार आक्षेप येतो: लिनक्स कर्नल आपले अंतर्गत इंटरफेस स्थिर ठेवत नाही, मग दर आवृत्तीला मोडणारा ड्रायव्हर कुणी सांभाळायचा? पण इंटरफेस बदलणाऱ्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, असा तिथला रिवाज आहे. भुर्दंड पडतो तो ड्रायव्हर कर्नलबाहेर ठेवणाऱ्याला. दुसरा आक्षेप व्यापारी गुपितांचा. 2007 साली एएमडीने ग्राफिक्स चिपची कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली, म्हणजे काय देता येते आणि काय राखता येते हे ठरवणे शक्य होते. एनव्हिडियानेही 2022 साली कर्नल मॉड्यूल खुले केले, पण बरेचसे काम कार्डावरच्या प्रोसेसरच्या बंद फर्मवेअरकडे सोपवून. त्याच वर्षी डेबियन या लिनक्स वितरणाच्या सदस्यांनी मतदान करून बंद फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचे ठरवले. वायफायच चालले नाही तर नवखा माणूस इन्स्टॉलेशनमध्येच अडकतो, म्हणून तो निर्णय मला योग्य वाटतो. मात्र त्या फर्मवेअरमधली चूक आजही फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते.