बैर-शेबा : विहिरीचे गाव आणि वंशाचा दाखला

म्हैसूरच्या वेशीवरील हूटगळ्ळीत एखादा मराठी माणूस भेटला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मूळ गाव कोणते?" इस्रायलच्या दक्षिणेस, नेगेव वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बैर-शेबात हाच प्रश्न काही मराठी कुटुंबांना फार निराळ्या सुरात विचारला गेला. ही कुटुंबे बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील शनिवार तेल्यांची. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे.

हिब्रूत 'बैर' म्हणजे विहीर. 'शेबा' म्हणजे सात किंवा शपथ. विहिरीच्या हक्कावरून अब्राहाम व अबीमलेख यांच्यात तंटा झाला आणि सात मेंढ्या साक्षीस ठेवून तो मिटला, अशी बायबलमधील कथा आहे. वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पावसाच्या त्या मुलखात पाण्याचा निवाडा हेच पहिले प्रशासन असणार. आजच्या शहराच्या पूर्वेकडील टेकाडावर योहानान अहारोनी यांनी 1969 पासून उत्खनन केले, तेव्हा लोहयुगातील आखीव नगर उजेडात आले : तटाला समांतर फिरणारा रस्ता, वेशीपाशी सुमारे 70 मीटर खोल विहीर आणि जवळच लांबलचक सरकारी कोठारे. आपल्या भाषेत सांगायचे, तर तालुक्याची कचेरीच! एका कोठाराच्या भिंतीत मोडलेल्या वेदीचे दगड चिणलेले सापडले. हिज्कीया राजाने गावोगावच्या वेद्या मोडून उपासना यरुशलेमेत एकवटली, त्याची ही खूण असावी, असे अहारोनींचे मत होते. 2005 साली हे टेकाड जागतिक वारसा ठरले. आजचे शहर मात्र बेदुइनांवर नजर ठेवण्यासाठी ऑटोमन सरकारने 1900 साली वसविलेले.

1951 साली येथील काही बेने इस्रायलांनी भेदभावाच्या तक्रारीवरून तेल अवीवमध्ये धरणे धरले. 1952 साली त्यांना भारतात परत पाठविण्यात आले. पुढे 1962 साली मुख्य रब्बींच्या कार्यालयाने निर्देश काढला की, बेने इस्रायलांचे लग्न नोंदविण्यापूर्वी आईकडील वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासावी. कागदावर हा नियम साधा दिसतो. परंतु शनिवारी घाणा बंद ठेवणे हीच ज्याच्या धर्माची नोंद, त्याने पणजीच्या आईचा दाखला कोणत्या दप्तरातून आणावा? मी दाखल्यांवर सह्या करणारा माणूस. हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

निदर्शने झाली. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. त्यानंतर निर्देशातून 'बेने इस्रायल' हे शब्द गळाले आणि संशय असलेली कोणतीही व्यक्ती, असे सर्वसाधारण शब्द आले. चौकशीची तरतूद मात्र कायम राहिली.