याकोबीचा कोन आणि माझा गाळलेला स्रोत

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक तयार प्रोग्रॅम डाउनलोड केला, ईईजीच्या नोंदी त्यात टाकल्या आणि वेगळे झालेले स्रोत गाइडपुढे ठेवले. सरांनी एवढंच विचारलं, "यात आधी व्हाइटनिंग होतं का?" मला सांगता आलं नाही. उत्तर शोधत मी थेट 1846 सालात पोचले.

त्या वर्षी याकोबीने ग्रहकक्षांच्या दीर्घकालीन बदलांची समीकरणं सोडवायला एक सोपी रीत छापली. सिमेट्रिक मॅट्रिक्सचे दोन अक्ष घ्यायचे आणि कर्णाबाहेरची एक संख्या शून्य होईल इतक्या कोनातून फिरवायचे. मग पुढची जोडी. आधीचं शून्य पुन्हा बिघडतं, पण कर्णाबाहेरच्या वर्गांची बेरीज घटत जाते. 1961 च्या सुमारास क्यूआर पद्धत आली आणि याकोबी मागे पडला.

पण एकाच फिरवण्यात अनेक मॅट्रिक्स कर्णरूप करायच्या असतील तर? डेटातून काढलेल्या मॅट्रिक्समध्ये गोंगाट असतो, त्यामुळे सगळ्या नेमक्या जमत नाहीत. 'जवळपास'वर भागवावं लागतं. ही तडजोड करायला याकोबीचा कोन सोयीचा, कारण सगळ्यांची मिळून बेरीज कमीत कमी करणारा कोन निवडता येतो. फ्लुरी आणि कॉन्स्टंटाइन यांनी 1985 मध्ये याच धाटणीचा फोर्ट्रान प्रोग्रॅम छापला. 1993 मध्ये कार्दोसो आणि सुलुमियाक यांची 'जेड' पद्धत आली. 1996 मध्ये त्यांनी कोनाचं थेट सूत्र मांडलं. कार्दोसोचा मॅटलॅब कोड पुढे ईईजीलॅबमध्येही वापरात आला.

मेख इथेच आहे. हे कोन लंबकोनी फिरवणंच करतात, म्हणून आधी व्हाइटनिंग लागतं. त्यात एक कोव्हेरियन्स मॅट्रिक्स तंतोतंत कर्णरूप होते, आणि तिच्यातली चूक पुढे कुठलाही कोन दुरुस्त करू शकत नाही. येरेडोर (2002) आणि त्सीहे व सहकारी (2004) यांनी लंबकोनाची अटच काढली, ती यासाठी.

मग मी दोन्ही प्रकारचे प्रोग्रॅम त्याच नोंदींवर चालवले. तीन स्रोत दोन्हीकडे सारखे आले. चौथा, ज्यावर माझं अख्खं प्रकरण उभं होतं, तो एकाच ठिकाणी दिसला. तो गाळला. प्रकरण बारीक झालं, पण आता सरांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. तुमच्या प्रोग्रॅमने तुमच्या वतीने काय गृहीत धरलंय, ते आज उघडून बघा.