एडिसनचा पेपर आणि माझा तिसरा राउंड

आजचा एपिसोड थोडा पर्सनल आहे. गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या तिसऱ्या राउंडला मी आपटलो. बायनरी ट्रीचा प्रश्न होता. पाच वर्षं रोज कोड लिहितोय, पण व्हाइटबोर्डसमोर डोकं पार ब्लँक! दोन दिवस वाटत होतं, आपण इंजिनिअरच नाही बहुतेक. मग शोधायला लागलो, असल्या परीक्षा आल्या तरी कुठून?

गोष्ट निदान शंभर वर्षं जुनी निघाली. बल्बवाले थॉमस एडिसन नोकरीसाठी आलेल्या पदवीधरांना जवळपास १५० प्रश्नांचा पेपर द्यायचे. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश लागून आहेत? व्होल्गा नदी कुठे आहे? मे १९२१ मध्ये हे प्रश्न न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आले. म्हणजे पेपरफुटीही तेवढीच जुनी!

त्याच महिन्यात आइन्स्टाइन बोस्टनला आले होते. त्यांना त्या पेपरातला म्हणून एक प्रश्न विचारला गेला: ध्वनीचा वेग किती? त्यांना सांगता आला नाही. जे पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात साठवत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल जाहीर झालं.

नंतर पाठांतर गेलं, कोडी आली. २००४ मध्ये गूगलने सिलिकॉन व्हॅलीत हायवेलगत एक होर्डिंग लावलं. कंपनीचं नाव नाही, फक्त गणिताचं कोडं. उत्तर हाच वेबसाइटचा पत्ता. पण २०१३ मध्ये गूगलचेच एचआर प्रमुख लास्लो बॉक म्हणाले, मुलाखतीतल्या कोड्यांवरून काहीच कळत नाही. विचारणाऱ्याला आपण हुशार आहोत असं वाटतं, इतकंच.

मग कोडिंगचे प्रश्न तरी? २०१५ मध्ये होमब्रू बनवणाऱ्या मॅक्स हॉवेलने ट्विट केलं: गूगलमधले बहुतेक इंजिनिअर माझं सॉफ्टवेअर वापरतात, पण व्हाइटबोर्डवर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून मला नकार मिळाला. वाचून मी खुर्चीतच हसलो. माझाही बायनरी ट्रीच होता ना!

परीक्षा नकोच, असं मी म्हणत नाही. हजारो अर्ज आले की कंपनीला चाळणी लागतेच. पण चाळणीतून काय खाली पडतं, हे तिच्या भोकांवर ठरतं. धान्याची किंमत त्यावरून काढू नका.

मी पुन्हा अर्ज केलाय. रोज रात्री एक ट्री सोडवतो. फक्त आता झोप लागते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!