भट्टी, वाफ आणि वारा

देवळ्याच्या शिवारात जागोजागी कांद्याच्या चाळी दिसतात. तळ जमिनीपासून उचललेला, भिंतींना फटी. आतली ऊब वर निघून जाते, तिच्या जागी खालून गार वारा शिरतो आणि कांदा महिनोन्‌महिने टिकतो. कसमादेचा शेतकरी ज्या फिरत्या हवेकडून उष्णता बाहेर काढवून घेतो, तीच हवा आज मोठ्या शहरांतील बेकऱ्यांत उष्णता पावापर्यंत पोहोचवू लागली आहे. कसमादेच्या चुलीवर मात्र हवेला फारसे काम नाही. तेथे उलटे खापर तापते आणि मांडा त्याच्या अंगाला टेकूनच भाजतो.

पावाची भट्टी आपल्या किनाऱ्यावर आली ती पोर्तुगिजांबरोबर. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. गोवा त्याआधीपासून आणि पुढे १९६१ पर्यंत. ‘पाव’ हा शब्द त्यांचा, गोव्याचा ‘पोदेर’ही त्यांचाच. युरोपातले खमीर येथे मिळेना, तेव्हा माडाच्या सुरेने पीठ फुगवण्यात आले. वेदीवरील अर्पणासाठी भाकर हवी म्हणून मिशनऱ्यांनी पाव शिकवला, असे आपल्या समाजात नेहमी सांगितले जाते. आम्हांला ते पटत नाही. लॅटिन विधीत वेदीवरची भाकर बेखमीर असते. सुरेने फुगलेला पाव तेथे चालणारच नाही. पाव आला तो रोजच्या जेवणाच्या ताटासाठी, असे म्हणणे अधिक सयुक्तिक.

जुन्या भट्टीचे तंत्र साधे, पण हाताला सवय लागते. आत लाकडे पेटवायची, जाड भिंती आणि फरशी तापली की निखारे बाजूला सारायचे आणि साठलेल्या धगीवर भाजायचे. पाव आधी, उतरत्या धगीत बिस्किटे, उरलेल्या उबेत टोस्ट. एका जळणात तीन कामे.

हवेला कामाला लावण्याचा विचारही जुनाच आहे. अमेरिकेत जन्मलेला बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड (१७५३–१८१४), याने बव्हेरियाच्या सेवेत असताना म्युनिकमध्ये गरिबांसाठी कामघर काढले, थोड्या जळणात पुष्कळांचे अन्न कसे शिजेल याचा ध्यास घेतला आणि पुढे गरम हवा मांसावरून खेळवणारी लोखंडी भट्टी रचली. योगायोग असा की, त्याच बव्हेरियातील लांड्सबर्ग गावी १९७३ साली स्थापन झालेल्या रॅशनल या कंपनीने १९७६ साली गरम हवा आणि वाफ एकाच पेटीत आणली. आज तिला ‘कॉम्बी ओव्हन’ म्हणतात. कणकेच्या गोळ्याभोवती गार, ओलसर हवेचा पातळ थर चिकटून असतो. पंखा तो उडवून लावतो, म्हणून साध्या ओव्हनपेक्षा सुमारे २० अंश कमी तापमानात तेच काम होते. प्रारंभीची वाफ पावाचे कवच मऊ ठेवून त्याला फुगू देते. मग वाफ बंद करून कोरडी हवा सोडली की कवच कडक होते.

हा विषय आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी, शहराच्या हवेतील प्रदूषणाच्या प्रकरणात, लाकूड व कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. ती मुदत जुलैत संपली. धूर वाईट, यात वाद नाही. तो सर्वांत आधी भट्टीसमोर उभ्या असलेल्या कारागिराच्याच छातीत जातो. परंतु गॅसची वा विजेची भट्टी उभारण्याचा खर्च लहान बेकरीने कोठून काढायचा, हा प्रश्न आदेशाने सुटत नाही.

आणि चवीचे काय? लादीपाव तसाही पत्र्याच्या ट्रेत भाजतो. त्याचे फारसे बिघडणार नाही. गोव्याची कोंड्याची पोई मात्र थेट तापल्या फरशीवर पडते आणि खालच्या धगीने टम्म फुगते. ती धग वाऱ्याच्या पेटीत आणायची तर आत जाड दगडी वा लोखंडी फरशी ठेवून ती आधी चांगली तापवून घ्यावी लागेल.