देव घरात आले, दार मात्र बंद राहिलं

येवल्यात चित्रकलेवर बोलायचं, तर सुरुवात पदरापासून करू. पैठणी विणणाऱ्या गावाला वेगळं सांगायला नको, की जरीवर उजेड पडला की तिचा रंग पालटतो. हा पालट रंगात पकडायला तैलरंग फार सोयीचा. तो सावकाश वाळतो, त्यामुळे एका छटेतून दुसरी छटा हळूहळू काढता येते.

युरोपात या रंगाने पुराणातले देव हाडामांसाचे केले. फ्रान्सच्या बूगरोने १८७९ मध्ये ‘व्हीनसचा जन्म’ रंगवलं. त्यातली देवी अगदी जिवंत बाईसारखी, पण विवस्त्र. राजा रविवर्म्याने युरोपची ही रीत उचलली, पण आपल्या देवतांना साड्या नेसवल्या. पुष्कळ चित्रांत तर नेसण मराठी, नऊवारी आहे. तो पदर येवल्याचाच होता, असा दावा आम्ही करणार नाही. पण बघणाऱ्या बाईला ती लक्ष्मी आपल्यातलीच वाटली असणार, एवढं नक्की.

ही चित्रं काढून घेतली कुणी? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. ते मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते गादीवर बसले. १८८८ मध्ये त्यांनी रविवर्म्याला १४ पौराणिक चित्रांचं काम दिलं. नल-दमयंती, हरिश्चंद्र-तारामती, द्रौपदी वस्त्रहरण, असे विषय होते. राजवाड्यात लागण्याआधी ती लोकांना पाहायला ठेवली गेली.

पण मूळ चित्र पाहणार किती जण? म्हणून १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावरून एकावर एक छपाई, आणि शेवटी तैलचित्रासारखी चकाकी. राजवाड्यातली देवी अशी बाजारात आली, नि खिळ्याला टांगून घराघरांत पोचली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. देवळात जायला जात आडवी येत होती. भिंतीवरच्या चित्राला हात जोडायला पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. देवाचा चेहरा सर्वांचा झाला. मग प्रश्न सुटला का? नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे लोक दारात उभे राहिले, दार उघडलं नाही. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, याच येवल्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

आता धागा जुळवून बघा. १९१३ मध्ये बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले, ते याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. एकाच राजाच्या खजिन्यातून देवांच्या चित्रांनाही पैसा मिळाला आणि त्या विद्यार्थ्यालाही.

रविवर्म्याची चित्रं सुंदर आहेत, हे आम्ही नाकारत नाही. त्याने देवाला माणसासारखं रंगवलं, आणि लोकांना ते मनापासून आवडलं. पण माणसाला माणूस म्हणून वागवणं हे काम कुंचल्याच्या आवाक्यातलं नव्हतं. ते काम मागायला लोकांना येवल्याच्या मैदानावर जमावं लागलं. येवल्याचा इतिहास सांगताना पैठणीच्या शेजारी ही गोष्टही सांगितली पाहिजे.