कराची ते जुहू : अंतर तेच, वेळ मात्र...

मुंबई ते कराची विमानाने अंतर किती? सरळ रेषेत साधारण ८८० किलोमीटर. म्हणजे आपल्याला दिल्लीपेक्षा कराची जवळ! जेट विमानाला दीड तास पुरे. हा झाला भूगोल. आता थोडा इतिहास बघू.

सुरुवात करू वरळीच्या बीडीडी चाळीपासून. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये हे खातं काढलं आणि गिरणी कामगारांसाठी चाळी बांधायला घेतल्या. वरळीत तब्बल १२१ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या. गंमत म्हणजे सुरुवातीला इथल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. कारण? कामगारांना वरळी 'लांब' वाटायची. नकाशावर गिरण्या जवळच, पण जायला धड सोय नाही. अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, वेळेत मोजायचं असतं, हे त्या कामगारांना बरोब्बर कळलं होतं.

याच लॉइडसाहेबांचं नाव तिकडे सिंधमध्ये सक्करच्या धरणाला दिलं गेलं. वरळीची चाळ आणि सिंधू नदीवरचं धरण, दोन्ही एकाच गव्हर्नरच्या कारकिर्दीतली कामं! कारण १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत मराठी मंडळीही होती. तिथल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे.

आता १५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून इम्पीरियल एअरवेजची टपाल कराचीपर्यंत यायची. तिथून पुढे ती न्यायला २८ वर्षांचे जेआरडी टाटा एक इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन सकाळी कराचीच्या ड्रिग रोडवरून निघाले. अहमदाबादला पेट्रोल भरलं (ते बैलगाडीतून आलं होतं म्हणे!) आणि दुपारी जुहूला उतरले. बीडीडी चाळीपासून जुहूचा तो तळ जेमतेम दहा किलोमीटर. पुढे मद्रासपर्यंत विमान नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी.

हिशोब करून बघा. अहमदाबादमार्गे अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर, वेग ताशी १६० च्या आसपास. साडेसहा तास उड्डाण, वर थांबा. म्हणजे सात-साडेसात तास. आणि कराची, अहमदाबाद, मुंबई ही तिन्ही ठिकाणं एकाच इलाख्यातली! १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जेआरडींनी तसल्याच छोट्या विमानातून कराची-मुंबई पुन्हा केलं. तेव्हा मध्ये देशाची सीमा आलेली होती.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. थेट विमानसेवा तर त्याआधीच बंद झालेली होती. कराचीहून मुंबईला यायचं तर दुबईमार्गे. कराची-दुबई सुमारे १२०० किलोमीटर, दुबई-मुंबई १९००. हवेत पाच तास, दुबईत दोन-तीन तास ताटकळणं. बेरीज सात-आठ तास. म्हणजे ९३ वर्षांनी, जेट इंजिन हाताशी असून, आपण पुन्हा पस मॉथच्या वेळेवर! व्हिसा मिळायला लागणारा वेळ तर यात धरलेलाच नाही.

आपण इंजिनिअर लोक वेग वाढवत बसतो. पण रूट कोण ठरवतं, ते आपल्या हातात नसतं. विमान सुधारलं, रस्ता बिघडला. वरळीचे ते कामगार शंभर वर्षांपूर्वी हेच तर सांगत होते, नाही का?