हॉर्न नकाशातून कुठे गेला?

रहदारीच्या आवाजावर काम करायचं ठरलं की आपण थेट सॉफ्टवेअरकडे धावतो. गाड्यांची संख्या भरा, इमारतींची उंची भरा, लाल-जांभळा नकाशा तयार! पण आतलं सूत्र कुठून आलं, हे बघायला हवं. निदान दाट वस्तीचा नकाशा करणाऱ्याने तरी.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त शर्ली विन यांनी आवाज कमी करण्यासाठी आयोग नेमला. बेल लॅबचे हार्वे फ्लेचर त्यात होते. मोजणीची यंत्रं एका ट्रकमध्ये बसवली आणि तो ट्रक शहरभर फिरवत शंभराहून जास्त ठिकाणी आवाज मोजला. डेसिबल हे एकक तेव्हा अगदी नवं होतं. जोडीला वर्तमानपत्रांत प्रश्नावली छापली, तिला ११,००० च्या वर उत्तरं आली. ट्रक, हॉर्न, डोक्यावरून जाणारी रेल्वे, शेजाऱ्याचा रेडिओ, सगळ्याच तक्रारी. १९३० च्या अहवालात तर असंही म्हटलंय की काही रस्त्यांवर बंगालचा वाघ डरकाळ्या फोडत बसला तरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं लक्ष जाणार नाही. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की यंत्राचा आकडा आणि माणसाची तक्रार एकाच अहवालात आली. (वर्तमानपत्र न वाचणाऱ्यांची तक्रार कुठे गेली, हा प्रश्न आहेच.)

मोजण्याकडून गणिताकडे वळण घेतलं ते पुढे, आणि त्यामागे पैशाचं कारण होतं. ब्रिटनमध्ये १९७५ च्या नियमांनुसार नव्या रस्त्यामुळे घराजवळचा आवाज ६८ डेसिबलला पोचला, तर खिडक्यांना दुहेरी काच बसवून द्यायची होती. न झालेल्या रस्त्याचा आवाज मोजणार कसा? म्हणून सरकारने सूत्रच दिलं. १८ तासांतल्या गाड्यांच्या संख्येचा लॉगॅरिथम घ्या, १० ने गुणा, २९.१ मिळवा. १०,००० गाड्या असतील तर ६९.१. हा झाला पाया: रस्त्याच्या कडेपासून १० मीटर, वेग ताशी ७५ किलोमीटर, अवजड वाहनं शून्य. मग वेग, चढ, भिंती यांच्या दुरुस्त्या. गाड्या दुप्पट झाल्या की उत्तर साधारण ३ डेसिबलने वाढतं.

यात हॉर्न कुठेच नाही. तिथल्या हायवेला त्याची गरजही नव्हती, त्यामुळे सूत्र करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तेच सूत्र उचलून आपल्या बाजारपेठेतल्या गल्लीला लावलं तर? वेग ताशी दहा-पंधरा, रिक्षा आडवी, हातगाडी मध्ये, मागे पंधरा दुचाकी हॉर्न दाबून उभ्या. गाड्या हलतच नाहीत, म्हणून मोजलेली संख्या कमी येते, आणि सूत्र म्हणतं आवाज कमी! मीटर मात्र उलट सांगतो. २००० च्या आपल्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. नकाशाच चुकला तर कुठली गल्ली मर्यादेबाहेर आहे, हेच कळणार नाही.

नागपूरसारख्या शहरांत संशोधकांनी हॉर्नचा वेगळा हिशोब करून पाहिला आहे. तेव्हा फील्डवर जाल तर वाहनं मोजणाऱ्याच्या शेजारी फक्त हॉर्न मोजणारा एक माणूस बसवा, आणि त्याच्या आकड्यांसाठी तक्त्यात पहिल्या दिवसापासून वेगळा रकाना ठेवा. रेकॉर्डिंग ऐकून नंतर मोजू म्हटलं तर एकमेकांत मिसळलेले हॉर्न सुटे करताना नाकी नऊ येतात.